तळातलं पाणी

"पान्यात सगल्याच होऱ्या देखन्या,
चिखलान बसली का मंग बघ,"
जोमा मिस्त्री फोनवर म्हणाला होता.
म्हणून साडेसातपासून दिवाळ्याच्या जेट्टीवर
ओहोटीची वाट बघत बसलोय,
मी, लेक ऋजुता, तिची हिशेबाची वही
आणि थर्मास, जो स्वतःच गळतो.

बत्तीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवर
कंपनीत रंगाची पिंपं मोजली.
खाडी बघितली ती बसमधून, पुलावरून,
नाकाला रुमाल लावून.
आता फंडाचे पैसे आलेत तर होडी.
"आधी पोहायला शिका,"
बायको एवढंच म्हणाली आणि कुकर लावला.

लोटलीकर बाई रिक्षातून उतरल्या.
किल्ली रुमालाच्या गाठीत.
"एकच हात लागलाय तिला. वीस वर्षं.
तोही फक्त रविवारी."

पाणी सरकलं. होडी एका कुशीवर कलंडली,
आणि पोटावरचे शिंपले दिसले,
खरजेसारखे.
जोमाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली,
खिशातून रुपया काढला
आणि नाळेपासून वाजवत निघाला.
टण. टण. टण.
आई माठ घेताना वाजवायची तसं,
डोळे मिटून, कुंभाराकडे न बघता.
टण. टण.
मागच्या फळीपाशी, जिथे इंजिन टांगतात,
थप्.
परत वाजवलं. थप्.
कलिंगडाला चाललं असतं.
तो काही बोलला नाही. खडूने
भाकरीएवढा गोल काढला, आणि पुढे गेला.

इंजिन चाळीस घोड्यांचं.
खालचा स्क्रू सैल करून
त्याने तेल बोटावर घेतलं.
दुधासारखं निघालं तर पाणी शिरलंय,
काळं निघालं तर नुसतं वय.
काळं निघालं.
बाईंनी श्वास सोडला. मीही.
मी का सोडला, कळलं नाही,
मला तर भाव पाडायचा होता.

मग तळाच्या फळ्या उचलल्या.
वीतभर पाणी, त्यात एक मेलेली कुर्ली.
"पावसाचं असेल," बाई घाईने म्हणाल्या,
"ताडपत्री फाटलीय ना."
जोमाने ओंजळ माझ्यासमोर धरली.
"चाख. गोरं हाय का खारं?"
"बाबा, नको," ऋजुता म्हणाली.
मी जीभ लावली.
पेट्रोल, गंज, आणि त्यांच्या मागून, उशिरा,
मागच्या आषाढाचं गोड पाणी.
"गोड," मी म्हणालो.
अशी साक्ष मी आयुष्यात कुणासाठी दिली नव्हती.

लाइफ जॅकेटांच्या पेटीचं झाकण अडकलं होतं.
ऋजुताने लाथ घातली तेव्हा उघडलं.
झाकणाच्या आत बॉलपेनने, बारीक अक्षरात:
*घारापुरी. पाच जण. आईला उलटी.*
*करंजा. चौघे. जिताडा मिळाला, लहान.*
*चौघे. मुलं भांडली.*
*दोघे. ही बोलली नाही.*
*दोघे. ही बोलली.*
*एकटा. फ्लेमिंगो खूप.*
*एकटा.*
*एकटा. इंजिन चालू केलं. बंद केलं.*

त्याखाली तारीख होती, बाकी रिकामं.

बाई बांधावरून विचारत होत्या, काय आहे, काय आहे,
आणि आमच्यापैकी कुणालाच
मोठ्याने वाचता येईना.
शेवटी जोमाने झाकण बिजागरीतून उपटलं,
चिखल तुडवत गेला, आणि त्यांच्या हातात दिलं.
त्यांनी चष्मा पर्समध्ये शोधला.
नव्हता. मग हात लांब करून वाचलं,
एकदा, मग पुन्हा, मधली एक ओळ.
"हे मी होडीबरोबर देणार नाही," म्हणाल्या.

"फळी कुजलीय," मी म्हणालो. बोलायला हवंच होतं.
"माहीत आहे," बाई म्हणाल्या.
"पंधरा कमी द्या."
ऋजुताने वहीत आकडा खोडला,
दुसरा लिहिला, आणि शेजारी
*झाकण नवीन*.

इंजिन चालवून बघायला भरती लागते.
आम्ही चौघं जाळ्यांच्या ढिगावर बसलो.
थर्मासमध्ये उरलेला चहा
झाकणभर, आळीपाळीने.
एक वाजता पाणी खडूच्या गोलापर्यंत आलं.
जोमा उठला, म्हणाला, "चला,
अजून घेतली नाय आपुन."